खडीत गेलेली कवळी

काकूंची कवळी खिशात घालून कामावर जा, असं काकांना कोणीही सांगितलं नव्हतं. उलट, ती कुठेतरी नीट ठेवून द्या, असंच सून सांगत होती. पण एखादी गोष्ट नीट ठेवायला जागाच सापडत नसली, की माणूस ती खिशात ठेवतो. काकांनी तेच केलं होतं.

झालं होतं असं, की काकू गेल्या त्या दिवशी हॉस्पिटलच्या नर्सने त्यांच्या वस्तू एका पिशवीत भरून काकांच्या हातात दिल्या. चपला, स्वेटर, कंगवा, चष्मा आणि निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत वरच्या दातांची कवळी. पुढे चपला कुणाच्या तरी पायाला झाल्या, स्वेटर कुणाच्या तरी अंगाला बसला. चष्मासुद्धा काचा बदलून घेईन म्हणत शेजारीण घेऊन गेली. कवळी मात्र कुणाच्या तोंडाला होणार? टाकायची तर काय कचऱ्याच्या बादलीत टाकायची? आणि ठेवायची तर कशासाठी? जगात इतकी माणसं जातात, त्यांच्या कवळ्यांचं लोक करतात तरी काय, हे काकांनी ओळखीच्या दोघातिघांना विचारूनही पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. त्यातल्या एकाने तर काका दिसले की रस्ता बदलायला सुरुवात केली.

काकूंच्या हयातीत या कवळीचा मोठा दरारा होता. भांडण रंगात आलं आणि काकूंना वैताग आला, की त्या सरळ कवळी काढून टेबलावर ठेवत. याचा अर्थ, आता मी एक अक्षर बोलणार नाही. मग काका एकटेच तावातावाने बोलत राहत आणि टेबलावरची कवळी त्यांना हसत राही. अशा भांडणात कोणता नवरा जिंकेल? काका कधीच जिंकले नाहीत. म्हणूनच की काय, काकू गेल्यावर ते जेवताना डबी उघडून ताटाशेजारी ठेवू लागले. कवळी समोर असली की त्यांना वाटायचं, ही काही गेलेली नाही, नुसती रुसली आहे.

"बाबा, जेवताना ती डबी बाजूला ठेवा ना," सून एकदा म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. तरुण पोरगी, तिला किळस येत असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना वाईट वाटलं, पण तिची काही चूक आहे असं वाटलं नाही. त्या दिवसापासून डबी शर्टाच्या खिशात गेली.

काका रेल्वेत खडी साफ करणाऱ्या मशीनवर ऑपरेटर होते. रुळाखालच्या खडीत वर्षानुवर्षं माती आणि धूळ साचते, पाणी तुंबतं, रूळ खचायला लागतात. मग तो मार्ग काही वेळ गाड्यांसाठी बंद ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. तेवढ्या वेळात हे अजस्र मशीन रुळावरून गोगलगायीच्या चालीने पुढे सरकतं, रुळाखाली फिरणाऱ्या चेनने खडी उपसतं आणि वर नेऊन हलत्या चाळणीवर टाकतं. माती लांब बाजूला भिरकावली जाते आणि चांगली खडी तिथल्या तिथे परत रुळाखाली पडते. मशीन जाईल तिथे काकांचा मुक्काम. सगळा जन्म असा परगावी चाळण्यात गेला. काकूंच्या आजारपणातही बहुतेक वेळ काका कुठल्या तरी स्टेशनाबाहेर खडी चाळत होते, आणि हे त्यांना आता फार टोचत होतं. काकू गेल्यावर मात्र मशीनला नेमकं घराजवळचंच काम मिळालं. मशीनला वेळेचं भान नसतं, हेच खरं.

त्या सकाळी ब्लॉक मिळाला. माणसांनी रुळाखाली खड्डा खणला, चेन त्यातून पलीकडे काढली आणि जोडली. जोडाचा बोल्ट नीट बसला की नाही हे काका स्वतः वाकून बघत. ते फिटरचं काम होतं आणि फिटर तसा हुशार होता, पण काकांना स्वतः पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. फिटरला सगळे भोंगा म्हणत. मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की तो कानात कुजबुजला तरी पलीकडच्या स्टेशनात ऐकू जाई.

"अरे, बसलाय बोल्ट. किती वाकशील? या वयात एकदा वाकलास की तसाच राहशील," भोंगा म्हणाला.

काका खड्ड्यात वाकले, बोल्टला हात लावून पाहिला आणि केबिनमध्ये जाऊन बसले. चेन फिरायला लागली, धूळ उठली, मशीन पुढे सरकलं. थोड्या वेळाने काकांनी सवयीने खिशावर हात ठेवला.

खिसा सपाट होता.

काकांनी लाल बटण दाबलं. एवढं मोठं मशीन जागच्या जागी थांबलं आणि एकदम शांत झालं. ब्लॉकमध्ये एक मिनिट वाया गेलं तरी वरच्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामुळे इन्चार्ज साहेब खडीतून ठेचकाळत धावत आले. इन्चार्ज वयाने काकांच्या मुलाएवढे होते आणि स्वभावाने घाबरट.

"काय झालं काका? का थांबवलंत?"

आता इथे काकांनी खरं सांगायला हवं होतं. पण रुळावर काम करणारी सगळी गँग जमली होती, भोंगाही होता. एवढ्या लोकांसमोर 'बायकोची कवळी चेनमध्ये गेली' हे वाक्य काकांच्या तोंडून फुटेना.

"साहेब, चेनमध्ये काहीतरी आलं."

"काय आलं?"

"नीट दिसलं नाही. काळं होतं. लांबट."

वास्तविक जे आलं होतं ते गुलाबी होतं आणि वाटोळं होतं. पण खोटं बोलायचंच तर निदान खऱ्याच्या जवळपास जाऊ नये, एवढी अक्कल काकांना होती.

"काळं? लांबट?" इन्चार्जचा चेहरा पांढराफटक पडला. "केबल तर नव्हे?"

"असेल," काका म्हणाले.

हा शब्द त्यांना फार महागात पडला. सिग्नलची केबल तुटली तर मैलोगणती सिग्नल बंद पडतात आणि मग कुणाकुणाच्या नोकरीवर येतं ते सांगता येत नाही. इन्चार्जनी जिथे जिथे फोन करायचा तिथे तिथे केला. शिवाय जिथे करायची गरज नव्हती तिथेही केला. थोड्याच वेळात सिग्नल खात्याचा केबलवाला नकाशाची सुरळी काखेत मारून हजर झाला. माणूस किरकोळ, पण तोरा केवढा.

"इथे केबल नाही," त्याने नकाशा न उघडताच सांगितलं.

"आमच्या ऑपरेटरनं पाहिली," इन्चार्ज म्हणाले.

"कुठे पाहिली?"

काकांनी क्षणभर विचार केला. खणायचंच आहे, तर जिथे कवळी पडली असेल तिथेच का खणू नये? त्यांनी मशीनच्या मागच्या बाजूला, नुकत्याच साफ झालेल्या खडीकडे बोट दाखवलं. "तिथे."

केबलवाल्याने आधी खडीकडे पाहिलं, मग काकांकडे. "तिथून मशीन पुढे गेलंय. केबल असती तर तुटली असती. तुटली असती तर एव्हाना माझा फोन वाजून वाजून बंद पडला असता."

"तुटली नसेल. दबली असेल."

"चेन सगळी खडी उपसून गेली आणि केबल तशीच पडून राहिली? केबल आहे का गांडूळ?"

गँगमधले लोक हसले. इन्चार्ज हसले नाहीत. "धोका नको. हातानं खणा," ते म्हणाले. "चेनच्या पुढे खणा. मागे खणून काय मिळणार?"

काकांना काय मिळणार हे ठाऊक होतं, पण सांगायची सोय उरली नव्हती. माणसं मशीनच्या पुढे खणू लागली. काका लघवीला जातो म्हणून बाजूला गेले आणि मशीनने भिरकावलेल्या मातीच्या लांबच लांब ढिगात हात घालून चाचपू लागले. मातीत त्यांना निळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा सापडला. डबीच्या झाकणाचा. मग आणखी एक. कवळी मात्र नव्हती. काका तिथेच उकिडवे बसले आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं, की ती मातीत असणारच नाही.

चाळणीचा न्याय साधा असतो. बारीक ते सगळं माती, जाड ते सगळं खडी. डबीचा चुरा झाला, तो मातीत गेला. कवळी चांगली खडीच्या दगडाएवढी, धड आणि टणक. चाळणीने तिला दोनचार हिसके दिले असतील, धूळ झटकली असेल आणि चांगल्या खडीत जमा करून रुळाखाली पाठवून दिलं असेल. ती चाळणी काकांनीच गेल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने बसवली होती. अशी घट्ट आणि बिनचूक, की भोंगासुद्धा वा म्हणाला होता. आपल्या कामाचा काकांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

इकडे दूरवर सिग्नलपाशी एक पॅसेंजर गाडी येऊन उभी राहिली होती. ब्लॉकची वेळ संपत आली होती. गाडीतले लोक खाली उतरून हातपाय ताणू लागले. कडेवर मूल घेतलेली एक बाई थेट चालत मशीनपर्यंत आली आणि तिने काकांनाच विचारलं, "अहो, अजून किती वेळ? याला ताप आहे. डॉक्टरकडे न्यायचंय."

मुलाचा चेहरा तापाने लाल झाला होता. "होईल, लगेच होईल," ते म्हणाले आणि मान खाली घालून भोंग्याकडे गेले.

"भोंग्या, केबलबिबल काही नाही," ते हळूच म्हणाले. "हिची कवळी होती खिशात. वाकलो तेव्हा पडली. मागे खडीत गेलीय."

भोंगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणं तयार असे आणि ते सगळ्या जगाला ऐकू जाई. या वेळी तो काही बोलला नाही. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, हाताला गुंडाळला, मशीनच्या मागे गेला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी खडी उपसू लागला.

त्याला तसा बसलेला पाहून काकांनी ठरवलं. बस झालं. आता सांगून टाकायचं. हसतील तर हसू देत, नोटीस देतील तर देऊ देत. त्या बाईच्या पोराला ताप आहे आणि आपण एका खोट्यापायी गाडी अडकवून ठेवली आहे. सांगायचं, आणि मग हात जोडून म्हणायचं की साहेब, गाडी जाऊ द्या, पण नंतर घटकाभर मला मागे शोधू द्या. मनाचा हिय्या करून काका इन्चार्जसमोर उभे राहिले.

"साहेब, ते केबलचं..."

"साहेब, केबल," खड्ड्यातून मुकादम ओरडला.

सगळे धावले. चेनच्या पुढे, जेमतेम हातभर अंतरावर, खडीत एक काळी, लांबट, जाडजूड केबल आडवी पडली होती. नकाशात नव्हती, पण होती. केबलवाल्याने नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उलटा करून उघडला. त्याचा तोरा पार उतरला होता. काकांनी मशीन थांबवलं नसतं तर थोड्याच वेळात चेनने तिचा तुकडा पाडला असता आणि मग ती पॅसेंजरच काय, एकही गाडी दिवसभर हलली नसती.

"काका," इन्चार्जनी त्यांचे दोन्ही हात धरले, "तुम्ही वाचवलंत आम्हाला. एवढ्या धुळीत, केबिनमधून तुम्हाला हे दिसलं?"

काका केबलकडे बघत राहिले. ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती.

मोठ्या साहेबांचा फोन आला. इन्चार्ज फोनवर बोलताना उगाचच ताठ उभे राहिले. साहेबांनी ऑपरेटरला शाबासकी दिली आणि फोटो मागवला. काकांना खड्ड्यात उतरवून केबलला हात लावून उभं केलं. माणसांनी केबल बाजूला घेतली, चेन सोडवली, भराभर रूळ सावरला. मशीनच्या मागे भोंगा अजून उपसतच होता.

"तो तिकडे काय करतोय? बंद करा ते. गाडी सोडायचीय," इन्चार्ज म्हणाले.

"साहेब, मागे थोडं बघू द्या," काका म्हणाले.

"मागे काय आहे?"

काकांनी मागे पाहिलं. साफ झालेली खडी उन्हात राखी रंगाची दिसत होती. सगळी सारखी. ज्याला उभा जन्म खडीचा दगड न दगड वेगळा दिसला, त्याला आज त्यात काहीच वेगळं दिसत नव्हतं. पलीकडे ती बाई परत गाडीत चढत होती. आता खणायला लागलो तर संध्याकाळ होईल, हे काकांना कळत होतं.

"काही नाही," ते म्हणाले.

मशीन पुढे नेऊन बाजूच्या रुळावर काढलं, मग पॅसेंजर आली ती अगदी पावलापावलाने. नव्याने टाकलेल्या खडीवरून गाडी हळूच न्यावी लागते. एकेक डबा रुळावरून करकरत गेला आणि काका रुळाकडेला उभे राहून रडले. इन्चार्जनी ते पाहिलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गँगला म्हणाले, "बघा, कामावर जीव असावा तर असा."

संध्याकाळी घरी सून एकटीच होती. मुलगा दुसऱ्या पाळीला गेला होता. काकांनी हातपाय धुतले, पाटावर बसल्यासारखे खुर्चीच्या कडेला बसले आणि जे झालं ते सगळं तिला सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "असो. तुलाही तिची अडचणच होत होती."

सुनेने हातातलं भांडं खाली ठेवलं. "मला?"

"जेवताना किळस यायची ना तुला. साहजिक आहे."

"किळस?" ती म्हणाली. "बाबा, वर्षभर ती कवळी रोज दोन वेळा मी घासलीय. आईंचा हात कापायचा. मी घासायची आणि त्या वाकून बघायच्या, कुठे राहिलं का. राहिलं की पुन्हा घासायला लावायच्या. तुम्ही ती ताटाशेजारी ठेवलीत की तुमचा घास तोंडात तसाच राहायचा. म्हणून म्हणत होते बाजूला ठेवा. बाजूला म्हणजे कपाटात. खडीत नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली. काका अवघडून बसले. काकूंच्या आजारपणात घरात काय काय चाललं होतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कवळी आपली, आपल्या बायकोची, तिचं काय करायचं ते आपण ठरवणार, असं ते धरून चालले होते. तिच्यावर आणखी कुणाचा हक्क असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला दाखवा कुठे ते," डोळे पुसत सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं तिथे गेली. रेल्वे फाटकापासून कुंपणाकडेने जरा चाललं की ती जागा होती. काकांनी अंदाजाने बोट दाखवलं. सून पदराने नाक दाबून बराच वेळ खडीकडे बघत उभी राहिली.

"यातली कुठली?"

"ते नाही सांगता येणार."

"एवढं सगळं चाळता, आणि हे नाही सांगता येत?"

"नाही येत," काका म्हणाले.

एक गाडी आली, हळूहळू, आणि निघून गेली. खिडकीतून एकदोघांनी या दोघांकडे पाहिलं. रुळाकडे तोंड करून सासरा आणि सून का उभे आहेत, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं.

"गाड्या एवढ्या हळू का जातायत?" सुनेने विचारलं.

"खडी अजून बसली नाही म्हणून. काल केबलच्या घोळात पॅकिंग राहून गेलं. उद्या दुसरं मशीन येईल."

"ते काय करतं?"

काकांनी घसा खाकरला. ते मशीन पोलादी पंजे खडीत खुपसतं आणि दोन्ही बाजूंनी ती आवळून ठासून बसवतं. त्याच्या पंजात दगडाचाही भुगा होतो, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "काही नाही. वरवर जरा थोपटतं," ते म्हणाले.

"म्हणजे आईंची कवळी तिथे नीट राहील ना?"

"राहील की. तिला काय होतंय?"

सुनेने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. काल इन्चार्जपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी काकांचं बोलणं खरं मानलं होतं, त्यांना शाबासकी दिली होती, फोटो काढला होता. सुनेला एक नजर पुरली.

"बाबा, तुम्हाला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली.

काकांनी नजर खडीकडे वळवली. मग सुनेने कुंपणाच्या तारेवर हात ठेवला आणि खडीवरची नजर न काढता म्हणाली,

"तरी पुन्हा एकदा सांगा."

"राहील," काका म्हणाले.